न झालेलं दुसरं कोरियन युद्ध

पानिपत जिंकलं असतं तर काय झालं असतं, यावर वाद घालत रात्र काढलेले लोक आपल्याकडे भरपूर आहेत. पण हा वाद बहुतेक वेळा ‘मग दिल्ली आपलीच होती’ इथे येऊन थांबतो, कारण त्यात हिशेब कमी आणि हळहळ जास्त. जर-तरचा इतिहास गंभीरपणे मांडणारे एक पथ्य पाळतात. भूतकाळातली एकच गोष्ट बदलायची, तीही खरोखर वेगळी घडू शकली असती अशीच. तिथून पुढे आपल्या सोयीचं काही घुसडायचं नाही. कुणाकडे किती सैन्य होतं, कुणाचा कुणाशी करार होता, कोण कुणावर चिडलेला होता, हे सगळं जसं होतं तसंच धरून चालायचं.

या अभ्यासाला कोरियाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल. एक देश, दोन सरकारं आणि दोघांचाही दावा अख्ख्या देशावर. एक युद्ध होऊन गेलं, तेही तह न होता नुसतं थांबलं. त्यानंतर दुसरं युद्ध पेटता पेटता राहिल्याचे निदान तीन-चार प्रसंग आले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोतली बरीच कागदपत्रं खुली झाली, त्यामुळे पडद्याआड काय शिजत होतं तेही कळतं. ‘दुसऱ्या युद्धात जिंकलं कोण असतं?’ हा प्रश्न सगळे विचारतात. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: लढायची परवानगी दिली कुणी असती?

परवानगी का, हे कळायला पहिल्या युद्धाकडे बघावं लागतं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात असताना वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन लष्करी अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं, की कोरियात अमेरिका आणि सोव्हिएत यांच्या ताब्याची हद्द ठरवा. हाताशी नकाशा होता ‘नॅशनल जिओग्राफिक’चा. त्यांनी अर्ध्या तासात ३८वा अक्षांश सुचवला आणि तो पक्का झाला. १९४८ मध्ये दोन्हीकडे वेगळी सरकारं आली: दक्षिणेत सिंगमन री, उत्तरेत किम इल सुंग. दोघांनाही एकच कोरिया हवा होता, आपापल्या झेंड्याखालचा.

किमनं १९४९ मध्ये स्टॅलिनकडे हल्ल्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. १९५० च्या सुरुवातीला मिळाली. मधल्या काळात चीनमध्ये माओ जिंकला होता, अमेरिकेनं कोरियातलं सैन्य काढून घेतलं होतं, आणि परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन यांनी आशियातल्या अमेरिकी संरक्षणरेषेचं वर्णन करताना कोरिया त्या रेषेबाहेर ठेवला होता. स्टॅलिननं तरी अट घातलीच: माओची संमती घ्या, आणि सोव्हिएत सैन्य लढायला येईल ही आशा धरू नका. २५ जून १९५० ला हल्ला झाला. तीन दिवसांत सेऊल पडलं. सप्टेंबरात अमेरिकी फौजा इंचॉनला उतरल्या, ऑक्टोबरात चिनी सैन्य यालू नदी ओलांडून आत आलं, आणि नऊ महिन्यांच्या आत सेऊल चार वेळा या बाजूकडून त्या बाजूकडे गेलं. २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली तेव्हा लाखो माणसं मेलेली होती आणि रेषा जवळपास होती तिथेच होती.

या शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाची सही नाही. री यांना युद्ध थांबवायचंच नव्हतं. वाटाघाटी मोडाव्यात म्हणून त्यांनी १८ जून १९५३ ला सुमारे २७,००० उत्तर कोरियाई युद्धकैदी परस्पर सोडून दिले. त्यांचा हट्ट इतका, की त्यांना खुर्चीवरून खाली खेचायची योजनाही अमेरिकेनं आखून ठेवली होती. उरलेल्या, मायदेशी जायला नकार देणाऱ्या कैद्यांची जबाबदारी भारताकडे आली. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि राखणदार भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. री यांचा भारतावर इतका राग, की भारतीय सैनिकांचा पाय दक्षिण कोरियाच्या जमिनीला लागू द्यायला ते तयार नव्हते. शेवटी इंचॉन बंदरातून जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडलं. तिथे कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः त्या घोळक्यात शिरले आणि त्याला सोडवून आणलं.

आता लगाम कुणाच्या हाती राहिला ते बघू. दक्षिणेचा लगाम वॉशिंग्टनकडे. ऑक्टोबर १९५३ मध्ये संरक्षण करार झाला, पण दक्षिण कोरियाचं सैन्य अमेरिकी जनरलच्या हुकमाखाली राहिलं. उत्तरेला १९६१ च्या जुलैत एका आठवड्यात दोन करार मिळाले, आधी मॉस्कोशी, मग बीजिंगशी. ‘तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही येऊ’ अशी हमी. तुम्ही हल्ला केलात तर काय, त्याबद्दल चकार शब्द नाही. पुढचं सगळं या खाचेत अडकलेलं आहे.

जर-तर लिहिणाऱ्यांचा सगळ्यात लाडका फाटा म्हणजे जानेवारी १९६८, आणि ते रास्तही आहे. उत्तर कोरियाच्या खास पथकातले ३१ कमांडो कुंपण कापून दक्षिणेत शिरले. काम एकच: राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांना त्यांच्या निवासस्थानी, ब्लू हाउसमध्ये, ठार मारायचं. १९ तारखेला डोंगरात त्यांची गाठ सरपण गोळा करणाऱ्या चार भावांशी पडली. मारावं की सोडावं यावर खल झाला. जमीन थंडीनं दगडासारखी गोठलेली, प्रेतं पुरायची तर तास न् तास खणावं लागणार. शेवटी त्यांना साम्यवादावर प्रवचन दिलं, ‘पोलिसांना सांगाल तर याद राखा’ म्हणून दम भरला आणि सोडून दिलं. भावांनी सरळ पोलिसांना गाठलं. तरीही २१ च्या रात्री, दक्षिणेच्या सैनिकांचे गणवेश घातलेली ही टोळी ब्लू हाउसपासून काही शे मीटरवर पोचली. तिथे पोलीसप्रमुखानं हटकलं, गोळीबार झाला, तो मारला गेला आणि टोळी उधळली. जिवंत हाती लागला तो किम शिन जो. कशाला आलास विचारल्यावर त्यानं पत्रकारांपुढे सांगितलं, पार्कचा गळा कापायला.

दोनच दिवसांनी, २३ जानेवारीला, उत्तर कोरियानं अमेरिकेचं ‘प्वेब्लो’ हे हेरगिरीचं जहाज पकडलं. ८३ जणांतला एक मेला, बाकीचे ८२ अकरा महिने कैदेत राहिले. आणखी आठवडाभरात व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांचा ‘तेत’ नावाचा मोठा हल्ला सुरू झाला. दक्षिण कोरियाचेही सुमारे ५०,००० सैनिक तेव्हा व्हिएतनामात होते.

समजा, ते चार भाऊ त्या दिवशी दुसऱ्या डोंगरावर गेले. समजा, पार्क मेले. इथे हौशी लेखक लगेच उत्तरेचे रणगाडे सेऊलकडे सोडतो आणि पहिली चूक करतो. कारण मग प्वेब्लोचं काय? खऱ्या इतिहासात प्वेब्लोवरच्या लोकांना ब्लू हाउसवरच्या हल्ल्याची खबर कुणी दिलीच नव्हती. ते निवांत किनाऱ्यालगत कान लावून बसले होते. राष्ट्राध्यक्षाचाच खून झाला असता तर त्या समुद्रातल्या प्रत्येक अमेरिकी जहाजाला इशारा गेला असता, आणि प्वेब्लो बहुधा निसटलं असतं. म्हणजे ज्या दोन घटनांच्या बेरजेमुळे १९६८ इतकं स्फोटक वाटतं, त्यातली पहिली यशस्वी झाली तर दुसरी घडतच नाही. एक धागा ओढला की शेजारचेही हलतात, ते हेच.

पार्क यांच्या जागी कारभार आला असता पंतप्रधान चुंग इल-क्वॉन यांच्याकडे. १९५० च्या युद्धात दक्षिणेचे लष्करप्रमुख राहिलेला माणूस. तो गप्प बसला असता का? वाचलेले पार्कसुद्धा बसायला तयार नव्हते. त्यांना सूड हवा होता, आणि त्यांना आवरायला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेब्रुवारीत सायरस व्हॅन्स यांना खास दूत म्हणून धाडलं, सोबत १० कोटी डॉलरची जादा लष्करी मदत. तरी पार्क यांनी किमला मारायला सिल्मी बेटावर ३१ जणांचं गुप्त पथक उभं केलंच. मग पार्क गेल्यावर सेऊलच्या सेनापतींना कुणी आवरलं असतं? म्हणून मला वाटतं, १९६८ चं दुसरं युद्ध झालंच असतं तर त्याची पहिली मोठी चाल दक्षिणेकडून झाली असती. या सैन्याचा हुकूम ज्या अमेरिकी जनरलच्या हाती होता त्याचं नाव चार्ल्स बोनस्टील. होय, तोच, नकाशावर रेघ मारणारा. कादंबरीत हे लिहिलं तर संपादक कापून टाकेल.

उत्तरेची बाजू पाहा. चीन सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळात होता आणि माओचे तरुण रेड गार्ड किमलाच ‘लठ्ठ सुधारणावादी’, म्हणजे क्रांतीशी बेइमान, म्हणून शिव्या घालत होते. मॉस्कोला किमनं जानेवारीअखेर पत्र लिहून कराराची आठवण दिली: युद्ध झालं तर ताबडतोब मदतीला या. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह अस्वस्थ झाले. त्यांनी किमला बोलावणं पाठवलं, किमनं स्वतः न जाता संरक्षणमंत्र्याला धाडलं, आणि त्याला स्वच्छ सांगण्यात आलं की हा करार बचावाचा आहे. पण दक्षिणेनं आधी हल्ला केला असता तर तोच बचावाचा करार जिवंत झाला असता. आपण हल्ला केला तर एकटे पडू, समोरच्याला भरीस पाडून त्याच्याकडून करवला तर मित्र येतील, हे गणित किमला उमगलेलं होतं की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला तो त्या वर्षी हिशेबापेक्षा धुंदीत जास्त वागला असं दिसतं. दक्षिणेतली जनता उठाव करील यावर त्याचा खराच विश्वास होता, आणि त्या चार लाकूडतोड्यांनी तो विश्वास किती पोकळ आहे ते दाखवून दिलं होतं.

या फाट्याची एक प्रकारे चाचणीही झाली आहे. २६ ऑक्टोबर १९७९ ला पार्क यांचा खरोखर खून झाला, त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाच्या गोळीनं. डिसेंबरात लष्करी बंड झालं, पुढच्या मे महिन्यात ग्वांगजू शहर पेटलं. ज्या उठावाची किमनं आयुष्यभर वाट पाहिली तो समोर होता. उत्तरेचं सैन्य हललं नाही. अमेरिकेनं विमानवाहू नौका तैनात केल्या होत्या, आणि प्योंगयांगला पाठीशी उभं राहील असं कुणी उरलेलं नव्हतं.

मधले दोन प्रसंग थोडक्यात. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडायच्या बेतात असताना किम बीजिंगला गेला. व्हिएतनाम दुसऱ्या युद्धात एक होतोय, मग आपण का नाही, हा त्याचा सूर होता. मेजवानीच्या भाषणात तो म्हणाला, की युद्ध झालं तर आपण फक्त सीमारेषा गमावू आणि पुनर्मीलन कमावू. निक्सनशी नुकताच हात मिळवलेल्या चीननं जेवण घातलं आणि विषय बदलला. १९७६ चा प्रसंग लोक फार रंगवतात. १८ ऑगस्टला सीमेवरच्या पान्मुन्जोममध्ये एका पॉप्लरच्या झाडाच्या फांद्या छाटण्यावरून बाचाबाची झाली आणि दोन अमेरिकी अधिकाऱ्यांना कुऱ्हाडींनी मारलं गेलं. तीन दिवसांनी अमेरिकेनं ते झाड बी-५२ बॉम्बरच्या छायेत तोडलं. त्या मोहिमेत मून जे-इन नावाचा तरुण सैनिक होता, तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. पण जर-तरच्या दृष्टीनं इथे फारसं काही नाही. त्याच दिवशी किमनं खेदाचा निरोप पाठवला. कुणाच्याही पाठिंब्याविना आपण कुठवर जाऊ शकतो, हे त्याला एव्हाना पुरतं कळलं होतं.

खरा जीवघेणा प्रसंग १९९४ चा, कारण तिथे परवानगीचं कुलूपच निखळलं होतं. सोव्हिएत संघ संपला होता, १९९२ मध्ये चीननंही दक्षिण कोरियाला मान्यता दिली होती. उत्तरेला दोन्हीकडून मिळणारं स्वस्त तेल आटलं होतं. मे १९९४ मध्ये उत्तरेतल्या योंगब्योनच्या अणुभट्टीतून जळकं इंधन बाहेर काढायला सुरुवात झाली; त्यातून अण्वस्त्रांपुरतं प्लुटोनियम वेगळं करता आलं असतं. योंगब्योनवर बॉम्ब टाकण्याचा पर्याय अमेरिकी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांच्या टेबलावर आला. मार्चमध्ये उत्तरेच्या प्रतिनिधीनं पान्मुन्जोमच्या बैठकीत दक्षिणेच्या अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, सेऊल इथून लांब नाही, युद्ध झालं तर तिथे आगीचा समुद्र होईल. लष्करानं क्लिंटन यांच्यापुढे ठेवलेला अंदाज असा: पहिल्या ९० दिवसांत मेलेले-जखमी मिळून ५२,००० अमेरिकी आणि ४,९०,००० दक्षिण कोरियाई सैनिक. नागरिक त्यात धरलेलेच नाहीत.

१६ जूनला व्हाइट हाउसमध्ये जादा फौजा पाठवण्यावर बैठक चालली होती. सेऊलच्या दुकानांत तांदूळ आणि नूडल्सची पाकिटं घ्यायला रांगा लागल्या होत्या. अमेरिकी राजदूत जेम्स लेनी यांनी भेटीला आलेल्या आपल्या मुलीला आणि नातवंडांना परत जायला सांगितलं होतं. तेवढ्यात प्योंगयांगहून फोन आला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर खाजगी नात्यानं तिथे गेले होते. किम इल सुंग अणुकार्यक्रम थांबवायला तयार आहे, आणि हे मी आता सीएनएनवर सांगणार आहे, असं त्यांनी कळवलं. बैठकीतल्या मंडळींचा संताप झाला, पण युद्ध टळलं. तीन आठवड्यांनी, ८ जुलैला, किम इल सुंग मेला. दोन्ही कोरियांच्या प्रमुखांची ठरलेली पहिली भेट राहून गेली.

इथे फाटा काढायला काही कसरत करावी लागत नाही. कार्टर सत्तर वर्षांचे होत आले होते. प्रकृतीचं कारणही पुरलं असतं. फौजा येऊ लागल्या असत्या. प्योंगयांगनं १९९१ च्या आखाती युद्धात पाहिलं होतं, की अमेरिकेला सहा महिने जमवाजमव करू दिली की काय होतं. त्यामुळे ‘त्यांच्या आधी आपण’ हा मोह जबरदस्त. हे युद्ध पुनर्मीलनाच्या स्वप्नासाठी सुरू झालं नसतं, भीतीपोटी सुरू झालं असतं. पण संपताना प्रश्न पुनर्मीलनाचाच उरला असता.

तोफांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. काही तासांत सेऊल बेचिराख, असं सर्रास लिहिलं जातं. सेऊलचं केंद्र रेषेपासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे, आणि तिथवर पोचतात त्या फक्त १७० आणि २४० मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या तोफा आणि रॉकेटं. २०१० मध्ये योनप्योंग बेटावर उत्तरेनं खरोखर मारा केला, तेव्हा सुमारे १७० गोळ्यांतले निम्म्याच्या आसपास समुद्रात पडले आणि बेटावरचेही बरेच फुटले नाहीत. चार माणसं गेली. म्हणजे विनाश प्रचंड झाला असता, पण तो तासाभराचा नव्हता. आठवडे चालणारा, लोकांना तळघरांत आणि भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत बसवणारा. लष्करी निकालाबद्दल मला शंका नाही: उत्तर हरली असती. तिच्याकडे इंधनच नव्हतं.

मग चीन? हल्ला आधी अमेरिकेनं केला असता तर १९६१ चा करार लागू होत होता. उत्तरेनं केला असता तर बीजिंगला अंग काढून घ्यायला जागा होती. माझा कौल असा, की चिनी सैन्य यालू ओलांडून आलं असतं, पण १९५० सारखं सेऊलकडे धावलं नसतं. नदीच्या अलीकडे एक पट्टा धरून बसलं असतं, ‘निर्वासितांसाठी’ म्हणत. आणि ‘एकत्र’ झालेल्या कोरियाच्या उत्तर टोकाला नवी रेषा उभी राहिली असती.

जिंकलेल्या भागात दोन कोटींहून जास्त लोक, आणि पुढच्याच वर्षी, १९९५ च्या उन्हाळ्यात, महापूर. खऱ्या इतिहासात त्यानंतर जो दुष्काळ पडला त्यात लाखो माणसं उपासमारीनं मेली. खतं, तेल आणि वीज आधीच संपली होती, त्यामुळे तो या दुसऱ्या इतिहासातही चुकला नसता. फरक एवढाच, की त्याचं खापर ‘मुक्त करणाऱ्यां’च्या डोक्यावर फुटलं असतं. त्या वेळचे दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी नंतर सांगितलं, की आपण क्लिंटन यांना बजावलं होतं, या युद्धात मी एकही सैनिक देणार नाही. री यांनी १९५३ मध्ये जे मागितलं ते चाळीस वर्षांनी त्यांच्याच खुर्चीवरच्या माणसाला नको होतं, कारण सेऊलकडे आता गमावण्यासारखं शहर होतं.

आणि उत्तरेलाही आता ते नकोय, निदान बोलण्यात. डिसेंबर २०२३ अखेर आणि जानेवारी २०२४ मध्ये किम इल सुंगचे नातू आणि उत्तरेचे नेते किम जोंग उन यांनी जाहीर केलं, की दक्षिण हा वेगळा, शत्रू देश आहे आणि पुनर्मीलनाचं धोरण संपलं. प्योंगयांगमधली त्यांच्या वडिलांच्या काळातली पुनर्मीलन कमान पाडण्यात आली, ऑक्टोबरात दक्षिणेकडे जाणारे रस्ते सुरुंगांनी उडवले. दक्षिणेच्या संविधानात मात्र तिसरं कलम तसंच आहे: देश म्हणजे अख्खा कोरियन द्वीपकल्प. सेऊलमध्ये उत्तरेच्या पाच प्रांतांचे राज्यपालही अजून नेमले जातात. कारभार करायला त्यांच्याकडे प्रांत नाही, कार्यालय आहे.

परवानगीचं म्हणाल, तर २००६ च्या अणुचाचणीनंतर उत्तरेला ती पूर्वीइतकी लागत नाही. १९ जून २०२४ ला पुतिन यांच्याशी झालेल्या करारात परस्परमदतीचं कलम परत आलं, आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक युक्रेनविरुद्ध, रशियातल्या कुर्स्कमध्ये रशियाच्या बाजूनं लढायला उतरले. ब्रेझनेव्हनं ज्या कराराचा अर्थ आवळून धरला होता, तसाच करार आता प्योंगयांगनं आगाऊ रक्कम भरून घेतला आहे. दक्षिणेच्या सैन्याचा शांतताकाळातला हुकूम १ डिसेंबर १९९४ ला सेऊलकडे परत आला. युद्धकाळातला अजून अमेरिकी जनरलकडेच आहे.